रिमोटचा पट्टा आणि आपलं कुत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी या भागातून कुत्र्याच्या रिमोट पट्ट्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांपैकी बरेच जण पट्टा आधी मागवतात आणि मग विचारतात. म्हणून पट्टा घ्यावा का, हेही इथे आहे आणि घेतलाच असेल तर तो कसा वापरावा, हेही आहे.

१. रिमोट पट्टा म्हणजे नक्की काय? आत काय असतं?

तुमच्या हातात रिमोट आणि कुत्र्याच्या गळ्यात काडेपेटीएवढी डबी. डबीत चार्ज होणारी बॅटरी, रेडिओ संदेश घेणारा भाग आणि कातडीला टेकणाऱ्या धातूच्या दोन पिना असतात. बटण दाबलं की या दोन पिनांमधल्या जेमतेम दीड इंच कातडीतून विजेचे बारीक ठोके जातात. बहुतेक रिमोटवर तीन बटणं असतात: बीप, व्हायब्रेशन आणि झटका. झटक्याची पातळी चकतीने किंवा बटणाने कमीजास्त होते. काही झटके क्षणभराचे असतात, काही बटण दाबून ठेवाल तोवर चालतात. चांगल्या पट्ट्यात हा दुसरा झटका साधारण ८ ते १२ सेकंदांनी आपोआप बंद होतो. सोबत एक छोटा तपासणीचा दिवा येतो. तो पिनांना लावून बटण दाबायचं. दिवा लागला तर पट्टा चालू आहे. पट्टा चालतो का हे कुत्र्याच्या गळ्यावर तपासायचं नाही.

२. शेताला लावतात त्या झटका मशीनसारखाच हा झटका का?

नाही. झटका मशीनचा ठोका हजारो व्होल्टचा असतो, साधारण सेकंदाला एक येतो, आणि तारेतून जनावराच्या अंगातून जाऊन पायांवाटे जमिनीत उतरतो. पट्ट्याचा ठोका एका पिनेतून निघून दुसरीत संपतो, अंगभर फिरत नाही. म्हणून त्याने जीव जात नाही. पण जीव जात नाही म्हणजे दुखत नाही असं नव्हे. वरच्या पातळीचा झटका माणसालाही सहन होत नाही. पट्टा वापरायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसाने तो स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला, शून्यापासून एकेक पातळी वाढवत, एकदा घेऊन बघावा. हृदयाचा त्रास असलेल्यांनी किंवा पेसमेकर बसवलेल्यांनी घेऊ नये.

रानडुकरांसाठी काही जण घरच्या मीटरवरून थेट कुंपणाला वीज सोडतात. ती वीज कुत्र्याचा आणि माणसाचाही जीव घेते. तिची या दोन्हींशी तुलनाच नाही.

३. आमच्या कुत्र्याला पट्टा लागेल का?

आमचं उत्तर स्पष्ट आहे: शंभरातल्या बहुतेक घरांना लागत नाही. पट्टा कुत्र्याला काही शिकवत नाही. जे त्याला आधीच येतं त्याची लांबून आठवण देतो, एवढंच. अंगणात, दहा पावलांवरून, हातात खाऊ असताना तुमचं कुत्रं दहापैकी नऊ वेळा हाकेला येत नसेल, तर उसाच्या फडात पट्टा लावूनही ते येणार नाही. आलंच तर घाबरून येईल.

इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी ६३ कुत्र्यांवर हे तपासलं. काहींना पट्ट्याने, काहींना पट्ट्याशिवाय बक्षिसाच्या पद्धतीने शिकवलं. २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. पट्ट्याने जास्त चांगला निकाल मिळाला नाही, उलट पट्ट्यावरच्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली. ती कुत्री अनुभवी प्रशिक्षकांच्या हातात होती. पहिल्यांदा रिमोट धरणाऱ्या घरात काय होईल, याचा विचार करावा.

पट्ट्याऐवजी काय वापरायचं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

४. पिल्लाला किती महिन्यांपासून लावता येतो?

सहा महिन्यांच्या आत अजिबात नाही. एक वर्षापर्यंत थांबलात तर जास्त बरं. गाभण मादी, पिल्लांना पाजणारी, म्हातारं कुत्रं, फिट येणारं, हृदयविकार असलेलं, मानेला जखम असलेलं, यातल्या कुणालाही नाही. पाच किलोच्या आतल्या कुत्र्याच्या गळ्याला ती डबी मोठी होते. पॉमेरेनियनसाठी विचारणारे खूप असतात. त्यांनाही आमचं उत्तर "नको" असंच आहे.

५. ऑनलाइन दोन-तीन हजारात मिळतो तो चालेल का?

स्वस्त पट्ट्यांत तीन दोष सारखे दिसतात. पातळ्यांमधल्या उड्या मोठ्या असतात: तिसरीला कुत्र्याला काहीच कळत नाही आणि चौथीला ते केकाटतं. व्हायब्रेशनचं आणि झटक्याचं बटण शेजारी शेजारी, एकाच आकाराचं असतं, त्यामुळे खिशातून काढताना अंगठा चुकतो. आणि पाणी आत गेलं की पट्टा कधी चालतो, कधी चालत नाही. शिकवताना हे सगळ्यात घातक.

घेताना हे बघा: निदान ५० पातळ्या, बटणांना वेगवेगळा उंचवटा, आपोआप बंद होण्याची सोय, बटणांना कुलूप, आखूड आणि लांब अशा पिनांच्या दोन जोड्या. हे मिळत नसेल तर त्या पैशात चांगला छातीपट्टा आणि नायलॉनऐवजी सुती दोरी घ्या, ती हात कापत नाही.

६. पट्टा किती घट्ट आणि नेमका कुठे बांधायचा?

कुत्रं उभं असताना बांधा. बसलेलं असताना मान जाड होते आणि माप चुकतं. डबी गळ्याच्या वरच्या भागात, कानाच्या खाली, बाजूला येते. समोर श्वासनळीवर नको, मागे मणक्यावर नको. पट्ट्याखाली एक बोट कसंबसं जाईल इतपत घट्ट. डबी बोटाने हलवून बघा: कातडी डबीबरोबर सरकली तर बरोबर, पिना कातडीवरून घसरल्या तर सैल.

सैल पट्टा सुरक्षित असतो असं वाटतं, पण उलट होतं. पिना कधी टेकतात, कधी नाही. कुत्र्याला कळत नाही म्हणून माणूस पातळी वाढवतो, आणि नेमक्या त्याच वेळी पिना टेकतात.

लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डच्या दाट केसांत लांब पिना लावा. केस कापू नका, बोटांनी भांग पाडून पिना आत बसवा. मुधोळ, कारवान आणि आपल्या गावठी कुत्र्याच्या आखूड केसांना आखूड पिनाच पुरतात. या पट्ट्याला साखळी कधी अडकवायची नाही. ओढ बसली की पिना मानेत रुततात. साखळीसाठी वेगळा पट्टा किंवा छातीपट्टा घ्या.

एका जागी दोन तासांपेक्षा जास्त नको, डबी दुसऱ्या बाजूला फिरवा. दिवसात एकूण आठ तासांच्या वर नाही, रात्री झोपताना तर नाहीच.

७. झटक्याची पातळी किती ठेवायची? पाकिटावर काही लिहिलेलं नाही.

आकडा कुणी सांगूच शकत नाही. तो कुत्र्यागणिक बदलतो. एकाच कुत्र्याचाही सकाळी अंगणात वेगळा आणि बाजारात वेगळा असतो. पद्धत अशी. जागा शांत हवी, कुत्रं मोकळेपणी हुंगत उभं हवं, तुम्ही गप्प. शून्यापासून एकेक पातळी वर जा. प्रत्येक पातळीवर क्षणभरच दाबा आणि मध्ये १०-१५ सेकंद जाऊ द्या. कुत्र्याच्या चेहऱ्याकडे बघत राहा. कान किंचित फिरेल, हुंगणं क्षणभर थांबेल, मान वाकडी करून ते जमिनीकडे बघेल, जणू माशी बसली. तीच पातळी. त्याच्या वर जायचं नाही.

केकाटलं, मान झटकली, शेपूट पोटाखाली घेतली, अंग आखडलं किंवा जागेवरच थिजलं तर पातळी जास्त झाली. त्या दिवशीचं काम तिथेच थांबवा. थिजलेलं कुत्रं शहाणं झालं असं लोकांना वाटतं. ते भ्यायलेलं असतं.

८. लांबून हाकेला यावं, हे शिकवायचं कसं?

सुरुवात पट्ट्याशिवाय. आधी घरात ठरवा की शब्द कोणता. आपल्या भागात हा घोटाळा फार होतो: आई म्हणते "ये", गड्याच्या तोंडी "बा", मुलं म्हणतात "कम". तिन्ही चालतील, पण एका कुत्र्याला एकच. शब्द एका दमात, एकदाच उच्चारायचा. "ये ये ये ये" म्हटलं की कुत्रं पाचव्या "ये"ची वाट बघायला शिकतं.

पहिले दोन-तीन आठवडे छातीपट्ट्याला ८ ते १० मीटरचा कासरा लावा. कुत्रं इकडेतिकडे बघत असताना शब्द उच्चारा. वळलं की लगेच आनंदाने बोला, जवळ आलं की हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्या आणि पुन्हा सोडा. हे "पुन्हा सोडा" फार महत्त्वाचं आहे. आल्यावर दरवेळी बांधून घातलं तर ते यायचं बंद होतं. दिवसात पाच-पाच मिनिटांच्या तीन खेपा पुरतात. कुंदा, पेढा, बिस्किटं खाऊ म्हणून नकोत. वळलं नाही तर कासरा हलका ताणायचा, हिसका द्यायचा नाही. जागा हळूहळू अवघड करा: अंगण, गल्ली, शेताचा बांध, शेवटी जिथे म्हशी किंवा दुसरी कुत्री दिसतात तिथे.

बहुतेक कुत्री इथेच तयार होतात. तरीही लांबवर दुर्लक्ष करत असेल आणि पट्टा वापरायचंच ठरवलं असेल, तर आधी आठ-दहा दिवस पट्टा बंद ठेवून नुसता गळ्यात घालायचा, फिरायला आणि जेवायच्या वेळी. नाहीतर कुत्रं पट्टा आहे-नाही हे ओळखतं आणि पट्टा काढला की ऐकत नाही.

मग कासरा लावलेलाच ठेवून: शब्द, त्याबरोबर प्रश्न ७ मधली पातळी, कासऱ्याचा हलका इशारा. कुत्र्याने मान तुमच्याकडे वळवली त्या क्षणी बोट बटणावरून काढायचं. जवळ पोचेपर्यंत दाबून ठेवायचं नाही, मान वळली की सोडायचं. मग खाऊ. सोडण्याची वेळ अर्ध्या सेकंदाने चुकली तरी धडा बिघडतो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी व्हायब्रेशनवरच थांबावं.

९. पट्टा लावल्यापासून कुत्रं गाड्यांवर, मुलांवर जास्त धावतंय. असं का?

झटका लागला तेव्हा कुत्रं ज्याच्याकडे बघत होतं, त्याच्याशी ते झटका जोडतं. सायकलवरचा मुलगा गेला, कुत्रं भुंकलं, तुम्ही बटण दाबलं. तुमच्या मनात "भुंकू नकोस". त्याच्या डोक्यात "सायकल आली की मानेला दुखतं". दहा वेळा असं झालं की पुढच्या सायकलला ते आधीच दात दाखवतं. पट्टा आजच काढा, कासऱ्यावर आणा, सायकल लांब असतानाच खाऊ द्यायला लागा आणि रोज अंतर थोडं थोडं कमी करा. हे आठवड्यात सुटत नाही, दोन-तीन महिने लागतात.

याचप्रमाणे दुसरी चूक: कुत्रं उशिरा का होईना परत येत असताना रागाने बटण दाबणं. परत येणं म्हणजे झटका, असा अर्थ मग त्याला कळतो.

१०. कोंबड्या मारतं. धनगरांचा कळप आला की मेंढरांत घुसतं. इथे तरी झटका द्यावा ना?

मेंढरांच्या बाबतीत हा प्रश्न खरा आहे. रस्त्याने जाणाऱ्या कळपात कुत्रं घुसलं तर गाभण मेंढ्या गाभडतात, आणि कळप राखणारं, गळ्यात काटेरी पट्टा असलेलं कुत्रं तुमच्या कुत्र्याला फाडतं. पण पाठलाग सुरू झाल्यावर झटका लागत नाही इतकं रक्त चढलेलं असतं; पातळी वाढवत गेलं तर प्रश्न ९ मधला प्रकार होतो. कळप दिसला की कुत्रं बांधणं, हाच उपाय. ज्या महिन्यांत कळप शेतात बसायला येतात ते गावाला ठाऊक असतं. तेवढे दिवस सकाळ-संध्याकाळ साखळी.

कोंबड्यांसाठी खुराड्याला जाळी आणि कुत्र्यासाठी "सोड" हा शब्द. एकदा कोंबडी खाल्लेल्या कुत्र्यावर मोकळं सोडून विश्वास ठेवू नये, पट्टा असो वा नसो.

११. आमचं मुधोळ आहे. सशामागे गेलं की ऐकतच नाही. पट्टा?

शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या नावाचं हे कुत्रं डोळ्याने शिकार हेरणारं आणि पळून धरणारं आहे. धावू लागलं की हाक त्याच्या कानात शिरत नाही. हा हट्ट नाही, त्याची जातच तशी. कातडी पातळ, केस आखूड, त्यामुळे झटका त्याला जास्त बोचतो. घाबरलं तर माणसापासून लांब पळतं, आणि त्याच्या वेगाने ते दोन मिनिटांत नजरेआड होतं. शिवाय मान डोक्यापेक्षा जाड असल्याने साधा पट्टा डोक्यावरून निसटतो. उंच कुंपणाची जागा, लांब कासरा आणि रुंद पट्टा, एवढंच आम्ही सांगतो.

ससा किंवा रानडुक्कर यांच्यामागे कुत्रं मुद्दाम सोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. त्या कायद्यात शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही, पाठलाग करणं आणि हाकणंही त्यात येतं. खानापूर, जांबोटीच्या बाजूला आणि भीमगड अभयारण्याच्या आसपास राहणाऱ्यांनी कुत्रं रात्री मोकळं सोडूच नये. बिबट्यासाठी ते सोपं सावज असतं.

१२. भुंकलं की आपोआप झटका देणारा पट्टा कसा?

नको. आवाजावर चालणारे स्वस्त पट्टे शेजारच्या कुत्र्याच्या भुंकण्यानेही चालू होतात. दिवाळीत आणि गणपतीत फटाक्याने चालू होतात. कुत्र्याला कारण कळत नाही, फक्त दुखतं. भुंकण्याचं कारण शोधा: दिवसभर बांधलेलं, व्यायाम नाही, गेटमधून रस्ता दिसतो. गेटला खालून तीन फूट पत्रा लावला तरी निम्मं भुंकणं कमी झालेलं दिसतं.

१३. पाहुण्यांना चावतं, फटाक्याला घाबरतं. पट्ट्याने सुटेल का?

नाही. चावणं बहुतेक वेळा भीतीतून येतं आणि झटका भीती वाढवतो. गुरगुरण्याला झटका दिला तर कुत्रं गुरगुरणं सोडतं आणि थेट चावतं. आधी पशुवैद्यांना दाखवा. कानाचं किंवा सांध्याचं दुखणं निघण्याची शक्यता असते. चावा घेतला असेल तर जखम साबणाने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात रेबीजची लस, कुत्रं घरचं असलं तरी.

१४. साप दिसला की मागे हटावं, असं झटक्याने शिकवता येतं का?

त्यासाठी खरा साप समोर ठेवावा लागतो, आणि आपल्याकडे साप पकडून ठेवणं गुन्हा आहे. ऊसतोडणीच्या दिवसांत फडाजवळ कुत्रं बांधलेलं ठेवा. घोणस चावली तर मलमपट्टीत वेळ घालवू नका, उचलून गाडीत घाला.

१५. पावसाळ्यात आणि उसात पट्टा नीट चालत नाही. बिघडला का?

बहुधा नाही. पाकिटावरचं ५०० मीटर अंतर मोकळ्या माळावरचं असतं. उभा ऊस, चढउतार, घराच्या भिंती यांत ते खूप कमी होतं. रिमोट छातीच्या उंचीवर धरा, एरियल हाताने झाकू नका. ओल्या केसांवर झटका कमीजास्त लागतो, म्हणून भिजल्यावर पातळी प्रश्न ७ प्रमाणे शून्यापासून पुन्हा बघा. खानापूरच्या पावसात कुत्र्याची मान दिवसचे दिवस ओली राहते. तेवढे महिने पट्टा खुंटीवरच बरा.

१६. पिनांच्या जागी दोन लाल जखमा झाल्यात. भाजलं का?

बहुतेक वेळा भाजलेलं नसतं. पट्टा खूप वेळ एकाच जागी दाबून राहिला, खाली ओल आणि मळ साचला, की तिथलं रक्त थांबतं आणि कातडी मरते. पट्टा काढा, कोमट पाण्याने धुवा, कोरडं करा, पशुवैद्यांना दाखवा. हळद-तेल लावून पट्टा पुन्हा बांधू नका. पूर्ण बरं होऊन केस येईपर्यंत पट्टा नाही. दर आठवड्याला पिना ओल्या कपड्याने पुसा आणि पट्ट्याखाली गोचीड शोधा, त्यांना ती जागा आवडते.

१७. आमचं कुत्रं बहिरं आहे. त्याला उपयोग होईल का?

होय, इथे पट्टा खरोखर कामाचा आहे, फक्त झटक्याचं बटण कायमचं बंद करून. व्हायब्रेशन दाबा आणि लगेच तोंडात खाऊ द्या, असं दिवसातून वीसदा, चार-पाच दिवस. पट्टा थरथरला की ते तुमच्याकडे बघायला लागेल. मग हाताच्या खुणेने बोलवा. काही कुत्री व्हायब्रेशनलाही दचकतात. तसं असेल तर डबी आधी हातात धरून थरथरवा, खाऊ देत देत जवळ आणा.

१८. हा पट्टा बेकायदेशीर आहे का?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा रिमोट पट्ट्याचं नाव घेत नाही. पण कलम ११ प्रमाणे जनावराला विनाकारण वेदना देणं हा गुन्हा आहे, आणि केकाटेपर्यंत झटके देणं त्यात बसतं. वेल्समध्ये २०१० पासून झटक्याच्या पट्ट्यावर बंदी आहे.

१९. दोन कुत्र्यांना एक रिमोट चालतो का?

चालतो, पण चुकीच्या कुत्र्याला झटका बसण्याचं हेच मुख्य कारण. प्रत्येक पट्ट्याला आणि रिमोटवरच्या त्याच्या खुणेला एकाच रंगाची चिकटपट्टी लावा, दुसऱ्या पट्ट्यासाठी रंग वेगळा. कुत्री भांडत असताना कुठलंच बटण दाबू नका. प्रत्येकाला वाटतं की समोरच्याने दुखवलं, आणि भांडण वाढतं. बादलीभर पाणी ओता.

२०. पट्टा कधी काढायचा, आणि काढल्यावर ठेवायचा कसा?

सलग तीन आठवडे बटण न दाबता हाकेला येत असेल, तर दिवसाआड पट्टा काढा. पुढचे तीन आठवडेही नीट गेले की पूर्ण काढा, पण खिशातला खाऊ ठेवा. या काळात एखाद्या दिवशी चुकलं तर रिमोट शोधू नका, कासरा लावा.

ठेवताना बॅटरी अर्धी भरलेली असावी. पूर्ण रिकामी ठेवली तर ती पुन्हा चार्ज होत नाही. दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा. उन्हातल्या गाडीत ठेवू नका, तापलेली असताना चार्जिंगला लावू नका, आणि गळ्यात असताना तर कधीच नाही. पिना काढून वेगळ्या डबीत टाका. रिमोट मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कपाटात, कुलूप लावून.